आठ टाटपट्ट्या

गुरुजी,

सहावीचा वर्ग वरच्या मजल्यावरच राहणार. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आज दुपारी फोनवर तसं स्पष्ट सांगितलं, आणि माझी खात्री पटावी म्हणून फोन वर्गशिक्षिका बाईंच्या हातात दिला. त्यांनीही तेच सांगितलं. उद्या शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या मैदानावर कार्यक्रम आहे. प्रमुख वक्ता मी आहे. विषय 'अपंगत्व, समानता आणि आदर' असा आहे. ज्या मुलीमुळे हा विषय ठरला, तिला कार्यक्रम संपल्यावर तिचा बाप पाठीवर घेऊन अठरा पायऱ्या चढणार आहे. शाळेकडची बातमी एवढीच.

वर्तमानपत्रात चौदा वर्षं काढल्यावर माणसाला आधी बातमी आणि मग बाकीचं, अशी सवय लागते. बाकीचं तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही असताना मी तुमच्याशी कधी वर मान करून बोललो नाही, आणि गेल्यावर तुमच्याबद्दल वाईट बोलायची सोय राहिली नाही, कारण आमच्या विणकर मोहल्ल्यात तुमचा फोटो अजून दोन घरांत देवाशेजारी लावलेला आहे. त्यातलं एक घर आमचं. म्हणून लिहितो आहे. संध्याकाळचे साडेपाच झालेत, माझ्या पानाचा मजकूर खाली कंपोझला गेला आहे, आणि तासभर मला कोणी हाक मारणार नाही.

मंगळवारी मी शाळेत गेलो होतो. जगभर साजरं झालेलं अपंगांचं वर्ष होऊन गेलं त्याला आता काही वर्षं लोटली. वर्ष गेलं, भाषणं राहिली. आता प्रत्येक शाळेला असा एखादा कार्यक्रम करून अहवाल वर पाठवावा लागतो, असं मुख्याध्यापकच म्हणाले. गृहस्थ उमदे आहेत. माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली, चहा मागवला, मी काठी कुठे टेकवू याची काळजी केली. म्हणाले, "सर, तुमच्यासारखा माजी विद्यार्थी असताना बाहेरचा वक्ता काहून आणायचा? वीस मिनिटं बोला. पण असं बोला का पोरं रडली पाहिजे." मी विचारलं, रडून काय करतील? ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मग त्यांनी त्या मुलीचं सांगितलं. सहावीतली, अकरा वर्षांची, दोन्ही पायांना पोलिओ. तिचा सत्कार ठेवलेला आहे, शाल आणि श्रीफळ. मी तिला भेटायला वर गेलो. जिना तोच आहे, मधे वळण घेणारा, आणि मला अजूनही तो चढायला पाच मिनिटं लागतात. मधली सुट्टी होती. सगळी पोरं खाली मैदानात. ती एकटी वर्गात तागाच्या टाटपट्टीवर बसून डब्यातली पोळी खात होती. मी विचारलं, तू खाली नाही जात?

"नाही जी. बाबा पाच वाजता येते न्यायले."

"मग पाणी?"

"पाणी नाही पेत. पाणी पेलं का मंग खाली जा लागते." तिनं घास संपवला आणि हसायला लागली. "वर्गातल्या पोरी मले उंट म्हणते. बिनापाण्याचा चालते म्हणून. मी म्हटलं, चालत तं नाही ना बयाहो, बसते!"

मीही हसलो. नंतर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो तेव्हा हसू गेलं. कारण गुरुजी, मीही चार वर्षं सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच पाणी प्यायलो नव्हतो. तुम्हाला हे माहीत नव्हतं. तुम्ही विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं, कारण जो माणूस आपल्याला रोज पाठीवर नेतो त्याला आणखी एकदा खाली न्या असं म्हणायला तोंड उघडत नाही. उपकाराचं हे असं असतं. ज्याच्यावर होतो त्याची मागणी बंद होते.

मी निघालो तेव्हा तिनं हाक मारली. "काका, तुम्हीच भाषण देणार आहे ना? मंग मले स्टेजवर नका बोलावू जी. सर म्हणे शाल देणार आहे. एवढ्या उकाड्यात शाल घेऊन काय करू?" मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, "बघू नका. नाहीच म्हणा."

तिच्या बापाला मी पाच वाजता फाटकाजवळ गाठलं. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, हात काळे, माणूस माझ्याच वयाचा. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या घड्याळाकडे, आणि मला वाटतं त्यावरून त्यानं काही अंदाज बांधला. म्हणाला, "दिवाळीपर्यंत आणतो साहेब. मंग नाव काढतो शाळेतून. पोरगी वाढून राहिली, माही कंबर काही वाढून नाही राहिली." तो हे चिडून बोलला नाही. पंक्चर कुठे आहे ते सांगावं तसं बोलला. मी त्याला म्हटलं, थांबा, मी मुख्याध्यापकांशी बोलतो. त्यानं मान हलवली. माझ्यासारखी बोलणारी माणसं त्यानं पाहिली असावीत.

बोललो. खाली, फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताला खोली आहे, तिला आता 'पाहुण्यांची खोली' म्हणतात. एक सोफासेट, ढालींचं कपाट, भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी. वर्षातून तीनचारदा उघडते. मी म्हटलं, सहावी इथे बसवा, सोफे वर न्या. मुख्याध्यापक खरोखर गोंधळले. "अन् साहेब लोक आले तर बसवू कुठे?" मी म्हटलं, वर. ते म्हणाले, "साहेबांना जिना चढायला लावायचा?" हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर, माझ्या काठीसमोर, अगदी निर्मळ मनानं उच्चारलं. पुढे म्हणाले की वर्गाच्या दारावर 'इयत्ता सहावी' असं ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे, मध्येच बदलता येत नाही, वरून परवानगी लागते. आणि शेवटी, माझ्या दंडावर हात ठेवून, "आपण तिचा सत्कार ठेवलाच आहे ना सर!" मी म्हटलं विचार करून शुक्रवारी कळवा. आज शुक्रवार. कळवलं.

ती खोली तुम्हाला आठवत असेल. आपल्या वेळी तिच्यात गॅदरिंगचं सामान असायचं. रंगवलेले पडदे, दोन गदा, पुठ्ठ्याचे मुकुट, आणि सोनेरी कागद चिकटवलेलं एक लाकडी सिंहासन. खिडकीच्या गजातून दिसायचं ते. मी पाचवीत आलो आणि माझा वर्ग वर गेला. चौथीपर्यंत आम्ही खालीच होतो, बाप सकाळी माग सुरू करण्याआधी मला फाटकाशी सोडायचा आणि मी भिंत धरून वर्गात जायचो. पाचवीच्या पहिल्या दिवशी मी जिन्याखाली उभा आहे. उजवा पाय लोंबतो, उजव्या हाताला पकड नाही, वरून पाढ्यांचा आवाज येतो. तुम्ही येता. टोपी सरळ करता, धोतराचा काचा वर खोचता, माझ्यापुढे पाठ करून बसता आणि म्हणता, "चाल गा, बैस. घोडा तयार आहे."

तुमच्या कोटाला खडू आणि खोबरेल तेलाचा वास यायचा. वळणावर तुम्ही क्षणभर थांबायचात आणि मला वर सरकवून घ्यायचात. मी विसरलेलो नाही. त्या जिन्यावर माझ्यासाठी वाकलेला माणूस एकटे तुम्ही होतात. बाकीचे बाजूला सरून वाट देत, आणि वाट देण्यालाच मदत समजत. वर पोहोचलो की दारातली पोरं ओरडायची, "पार्सल आलं बे, गुरुजीचं पार्सल आलं!" तुम्ही त्यांना रागवायचात. पण मीही मनात तेच म्हणत असे. पार्सलला कोणी विचारत नाही, तुला कुठल्या खोलीत जायचं आहे.

मोहल्ल्यात तुमचं नाव झालं. तपासणीला आलेल्या साहेबांनी शाळेच्या शेरेबुकात तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्या तुम्ही आम्हाला वाचून दाखवल्यात. त्यात मी 'एक अपंग बालक' होतो. बायका नळावर माझ्या मायला म्हणायच्या, नशीब काढलं वं पोरानं, असा गुरुजी भेटला. माय 'हो' म्हणायची आणि घागर उचलायची. आणि या सगळ्या कौतुकात, गुरुजी, ती खालची खोली कोणाला दिसली नाही. आपल्या वर्गात होतं काय? आठ टाटपट्ट्या, एक फळा, तुमची खुर्ची. अर्ध्या तासाचं काम होतं. सिंहासन वर जाऊ शकत होतं. त्याला पोलिओ नव्हता.

सातवीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेचा दिवस मी तुमच्याजवळ कधी पूर्ण सांगितला नाही. तुम्ही सहा महिने रोज संध्याकाळी घरी बोलावून माझी तयारी करून घेतली होतीत. परीक्षेचं केंद्र आपलीच शाळा, वरचा मोठा वर्ग. नियमाप्रमाणे तुम्हाला पर्यवेक्षक म्हणून दुसऱ्या शाळेत पाठवलं, हे तुम्हाला आदल्या दिवशी कळलं. तुम्ही चपराश्याला सांगून गेलात. चपराश्याला त्याच वेळी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणायला पाठवलं, आणि तो आला तो दुसऱ्या दारानं थेट ऑफिसात. मी पहिल्या पायरीवर पॅड मांडीवर घेऊन बसलो आहे. पोरं माझ्या बाजूनं धावत वर जातात. एक शिक्षक जाताना म्हणतात, "थांब हं बेटा, कोणी येईल." घंटा होते. वरून एक अनोळखी बाई वाकून बघतात, "अरे, वर ये ना लवकर!" मग मी बसल्या बसल्या, पाठमोरा, डाव्या हातानं स्वतःला एकेक पायरी वर ओढायला लागतो. पॅड दातात. वळणापाशी दम लागतो. वरच्या दाराशी पोहोचतो तेव्हा अर्धा तास होऊन गेलेला असतो, आणि अर्ध्या तासानंतर कोणालाही आत घेत नाहीत. "नियम आहे बेटा," त्या बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मला अजूनही भरून आलेल्या डोळ्यांची थोडी भीती वाटते.

त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. बापाचा माग बंद होता. माय चुलीशी बसून भाकरी थापत होती. तुम्ही स्वैपाकघराच्या दारातच जमिनीवर बसलात, पाट घेतला नाहीत. टोपी काढून हातात धरलीत आणि म्हणालात, चूक झाली, मी तिथे असायला पाहिजे होतो, पुढच्या वेळी रजा टाकीन पण याला वर नेईन. माय भाकरी फिरवत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, राग नका मानू जी. तुमी त्याले पाठीवर नेता. पण खोलीच काहून नाही आणत खाली?"

तुम्ही म्हणालात, "बाई, खाली गॅदरिंगचं सामान असते."

"सामान?"

"पडदे, खुर्च्या... मोठं सामान आहे. जिन्यानं न्यायला त्रास होते."

मायनं तवा उतरवला आणि तुमच्याकडे वळून बघितलं. आयुष्यात तिनं कोणा मास्तराशी असं बोलल्याचं मला माहीत नाही. "म्हंजे सामानाले पाय नाही म्हणून त्याले खाली ठेवता, अन् माह्या पोराचा पाय चालत नाही तं त्याले वरती बसवता. हा कोन्ता कायदा जी?"

तिनं तुमच्यापुढे चहाची कपबशी सरकवली, तुम्ही ती संपवलीत, उठलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि गेलात. मी सकाळची वाट बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी नाही, पण आठवड्यात, सुट्टीत तरी, पुढच्या वर्षी तरी वर्ग खाली येईल. कारण मी तुमचा चेहरा पाहिला होता. प्रश्न तुम्हाला कळला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही आमच्या बापाकडून जुन्या मागाचा एक लांब सागवानी दांडा मागून नेलात, सुताराकडून तासून घेतलात आणि जिन्याच्या भिंतीला माझ्या उंचीवर बसवून घेतलात. आठवीच्या पहिल्या दिवशी मला दाखवलात. तुम्ही इतके आनंदात होता की मी तुमच्या पाया पडलो. चढताना दांडा डाव्या हाताला येत होता. माझा चांगला हात तो. मी स्वतः चढलो, वर्गानं टाळ्या वाजवल्या. पाच वाजता उतरायला निघालो तेव्हा दांडा उजवीकडे आला, आणि उजव्या हाताला पकड नव्हती. दुसऱ्या भिंतीला काहीच नव्हतं. मग मी तोंड फिरवलं आणि उलटा उतरलो. वर्षभर उलटा उतरलो. पोरांना नवी गंमत मिळाली, "उलटी गाडी आली बे, बाजू व्हा!" गुरुजी, तीन वर्षं ज्याला तुम्ही पाठीवर नेलंत, त्याचा कोणता हात चालतो हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. किंवा विचारायला तरी हवं होतं. मंगळवारी पाहिलं, तो दांडा अजून भिंतीत आहे. एकाच बाजूला.

त्याच वर्षीच्या गॅदरिंगला एक पाहुणे आले. निवृत्त अधिकारी होते, धरमपेठेतल्या बंगल्यातून मोटारीनं आले होते. त्यांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं. भाषणाच्या मध्ये त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. 'इकडून तिकडे चालून दाखव बाळ.' मी चाललो. ते माइकवर म्हणाले, "पाहा! याला पाय नाही, तरी हा वर्गात पहिला येतो. आणि तुम्ही? दोन दोन पाय घेऊन नापास होता! लाज नाही वाटत?" टाळ्या. तुमच्या गळ्यात हार घातला, तुम्ही तो काढून माझ्या गळ्यात घातलात. आणखी टाळ्या. पहिल्या रांगेत लोक रुमालानं डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसणारा, दोनदा नापास झालेला पोरगा उठून मागच्या टाटपट्टीवर जाऊन बसला. मी विचारलं तर म्हणाला, "तुह्यामुळं माह्या बापानं मले हाणलं. लंगडा पास होते म्हणे, तुले काय धाड भरली." तो मला वर्षभर त्याची बोरं द्यायचा. त्यानंतर दिली नाहीत.

मला त्या पाहुण्याचा राग येतो, पण तो सोपा राग आहे. तो आला, जेवला, गेला. त्याला मी शिस्तीची छडी म्हणून हवा होतो. धडधाकट पोरांना लाज वाटावी एवढाच माझा उपयोग, आणि त्याला त्यानं आदर म्हटलं. कठीण राग तुमचा आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसून रडत होता, आणि तुम्हाला मायचा प्रश्न माहीत होता. मी पुष्कळ वर्षं विचार केला की तुम्ही खोली का मागितली नाहीत. आता नोकरी केल्यावर कळतं. मुख्याध्यापकांकडे खोली मागितली असती तर भांडण झालं असतं, कदाचित बदली झाली असती. पाठ वाकवणाऱ्याच्या लोक पाया पडतात, भांडणाऱ्याला डोक्यात जाणारा माणूस म्हणतात. तुम्ही पाठ वाकवलीत. तुमच्या पाठीला त्रास झाला, शाळेला झाला नाही. शाळा जशी होती तशीच राहिली, आणि आज पंचवीस वर्षांनी एक सायकलवाला तोच जिना तसाच चढतो आहे. तुम्ही त्या वेळी आठ टाटपट्ट्या खाली आणल्या असत्यात तर तुमचा फोटो कोणाच्या देवघरात लागला नसता. पण ती पोरगी पाणी प्यायली असती.

मी तरी काय केलं, हेही सांगतो. आमच्याकडे रविवारच्या पुरवणीला जागा उरली की मुख्य उपसंपादक विचारतात, "काय गा, जिद्दीचं एखादं आहे का?" माझ्याकडे नेहमी असतं. दोन्ही हात नसून पायानं चित्रं काढणारा, डोळे नसून पेटी वाजवणारी. तासाभरात लिहून देतो. 'अपंगत्वावर मात' हा मथळा आमच्या कंपोझच्या जुळाऱ्यांना इतका पाठ आहे की मी नुसता 'मात' लिहिलं तरी ते पूर्ण जुळवतात. त्यातल्या एकालाही मी विचारलं नाही की तुमच्या शाळेत वर्ग कोणत्या मजल्यावर होता. विचारलं असतं तर बातमी झाली असती, आणि कोणाला तरी जाब विचारावा लागला असता. त्या पाहुण्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी मोटारीनं जात नाही.

म्हणून आज दुपारी मुख्याध्यापकांनी 'नाही' म्हटल्यावर मी सांगितलं की मग मी येत नाही. ते शांतपणे म्हणाले, "काही हरकत नाही सर, दुसरे एक गृहस्थ तयार आहेत, त्यांचं भाषण फार प्रभावी असतं. ते पोरीला उचलून घेतात स्टेजवर." तिथे माझा आवाज चढला. या धंद्यात मी आवाज चढवत नाही, शेजारच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. मी म्हटलं, तिला कोणी उचलणार नाही, मी येतो. फोन ठेवला आणि लक्षात आलं की अकरा वर्षांच्या मुलीनं माझ्याकडे जेवढं मागितलं होतं तेवढंच मी मिळवलं आहे, आणि दिवाळीनंतर ती घरी बसणार आहे.

चार वाजता पुन्हा फोन वाजला. वर्गशिक्षिका बाई बोलत होत्या, शाळेतून नव्हे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून. वयानं पंचविशीच्या, खापा गावच्या, नोकरी अजून कायम झालेली नाही. त्या घाईघाईनं बोलल्या. "सर, मघाशी समोर हेडसर उभे होते म्हणून तसं बोलली. ऐका ना. कार्यक्रम असला का पाहुण्यांच्या खोलीतले सोफे बाहेर स्टेजवर येते. दरवेळी येते. म्हणजे उद्या खोली रिकामी, अन् कुलूप उघडं. चपराशी आपल्या बाजूनं आहे. पोरीचे बाबा येते. सहावीचे चार पोरं घेते मी. टाटपट्ट्या खाली, फळा खाली. दारावर पुठ्ठा लावून देते सहावीचा, ऑइलपेंट राहू द्या वरती."

मी विचारलं, आणि सोफे?

"ते वरच्या रिकाम्या वर्गात जाईन ना मंग, कार्यक्रम झाल्यावर. साहेबलोक चढतीन, पाय आहे त्यांले."

मी त्यांना त्यांच्या नोकरीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "वर्ग हलवला म्हणून काढलं तं तुम्ही छापसान ना?" मी म्हटलं, छापीन. आणि त्या क्षणी, गुरुजी, मला तुमची फार लाज वाटली, आणि माझीही.

स्टेज इमारतीकडे पाठ करून असतं, म्हणजे मुख्याध्यापकांना मागचं दिसणार नाही. समोर बसलेल्या पोरांना सगळं दिसेल. ती गप्प राहतील अशी बाईंना खात्री आहे, मला नाही. अडचण वेळेची आहे. माझं भाषण वीस मिनिटांचं, त्यांना चाळीस लागतात. चाळीस मिनिटं मुख्याध्यापकांची मान एकदाही मागे वळता कामा नये. पोरगी स्टेजवर येणार नाही, शालही नाही, ते मी सुरुवातीलाच सांगून मोकळा होईन. पण एवढा वेळ लोकांना धरून ठेवील अशी माझ्याजवळ एकच गोष्ट आहे: एक शिक्षक एका पोराला पाठीवर घेऊन जिना चढायचा, ती. तर उद्या मी तुम्हाला वापरणार आहे. कोटाचा वास सांगणार आहे, वळणावरचं थांबणं सांगणार आहे. परीक्षेचा दिवस सांगणार नाही, मायचं बोलणं सांगणार नाही, दांड्याबद्दल एक अक्षर नाही. पाच वर्षं पाठीवर नेलंत म्हणेन, दोन वर्षं जास्त. जिन्याखालच्या पहिल्या दिवसात एक पाऊसही घालणार आहे, जो त्या दिवशी पडला नव्हता.

मुख्याध्यापक रडतील असा माझा अंदाज आहे. नऊच्या सुमारास, रुमाल अजून हातात असताना, ते मागे वळतील आणि सहावी खाली बसलेली दिसेल. सगळ्या शाळेसमोर तिला पुन्हा वर चढा म्हणणं त्यांना जड जाईल, एवढ्यावरच आमची भिस्त आहे. म्हणतीलही कदाचित. तसं झालं तर बातमी द्यायची, ती चार ओळींची, विशेषणं नसलेली, मी लिहून खिशात ठेवली आहे.

हे पत्र तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही, माय तिथे रोज पुसते. फक्त एक कबुली. उद्याच्या भाषणाची टिपणं मघाशी काढली. तुमच्याबद्दलचा तो खोटा पाऊस लिहिताना मला रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं.